व्हिडिओ गेम नव्हे हो!



बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मध्यंतरी गुडघ्यांनी खाटेला खिळवलं होतं, आणि खरं सांगायचं तर लिहावं इतका रागही कशाचा आला नव्हता. आता आलाय.

तर झालं असं. गेल्या महिन्यात आपल्याकडे मुंज होती. पहिली पंगत उठली तेव्हा भाचीचा मुलगा कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसला होता. आयटीआयला मोटार मेकॅनिकच्या दुसऱ्या वर्षाला आहे, परीक्षा तोंडावर. पडद्यावर इंजिन, मीटर, वायरिंगचा नकाशा. सॉफ्टवेअर गाडीत एक बिघाड लपवून ठेवतं आणि याने तो शोधायचा. आपल्यातल्याच एका गृहस्थांनी (नाव लिहीत नाही, ते हा ब्लॉग वाचतात) मोठ्याने विचारलं, "काय रे, मेकॅनिक होतोयस की व्हिडिओ गेम खेळतोयस? पाण्यात पडल्याशिवाय पोहता येतं का कधी?" सगळे हसले. पोरगं लॅपटॉप मिटून दुसऱ्या पंगतीत वाढायला उठलं.

याच गृहस्थांचा पुतण्या वैमानिक आहे. तो सिम्युलेटरवर सरावाला जातो हे तेच आम्हाला दर दिवाळीला कौतुकाने सांगतात! तिथे कुणी हसत नाही. आणि गंमत बघा, १९२९ च्या सुमारास अमेरिकेत एडविन लिंकने वडिलांच्या ऑर्गनच्या कारखान्यातले भाते वापरून विमान शिकायचं यंत्र बनवलं, तेव्हा ते आधी करमणुकीच्या बागांतच खपलं. टपाल नेणारे वैमानिक अपघातांत मेले, तेव्हा कुठे १९३४ मध्ये तिथल्या लष्कराने ती यंत्रं विकत घेतली. म्हणजे हा "खेळ" वैमानिकाने खेळला तर प्रशिक्षण, मेकॅनिकने खेळला तर टवाळकी. हाताला ग्रीस लागणाऱ्या कामात डोकं लागत नाही, अशी आपली जुनी समजूत आहे, दुसरं काय?

पोहण्याचंच म्हणाल, तर आम्ही विहिरीत शिकलो तेव्हा पाठीला सुका भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधलेला असायचा. नुसतं ढकलून दिलेल्यांपैकी जे वर आले, तेच ती म्हण सांगायला उरले.

मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली बाई, इंजिनातलं मला काय कळणार? म्हणून त्यालाच घरी बोलावलं आणि म्हटलं, मला शिकव. त्याने एक बिघाड लावला. इंजिनाचा दिवा लागलेला, स्कॅनरवर कोड पी ०१७१. म्हणजे मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. मी लगेच म्हटलं, "मग ऑक्सिजन सेन्सर बदल." तो हसला. "आजी, कोड फक्त तक्रार सांगतो, कारण नाही." मग त्याने आकडे दाखवले. गाडी जागेवर चालू असताना संगणक नेहमीपेक्षा वीस टक्के जास्त पेट्रोल देतोय, पण इंजिनाचे फेरे अडीच हजारांवर नेले की ते जवळजवळ नेहमीवर येतं. पेट्रोलच कमी पडत असतं, तर जोर वाढल्यावर तूट वाढली असती. म्हणजे कुठेतरी फटीतून हवा शिरतेय. जागेवर इंजिन थोडीच हवा ओढतं म्हणून ती फट जाणवते, जास्त ओढायला लागलं की त्यात बुडून जाते. मी चाळीस मिनिटं घेतली, दोनदा चुकीचा भाग बदलला, आणि त्या कार्यक्रमाने माझ्या नावावर दोन्हींची किंमत मांडली. खोटीच! पण लाज खरी वाटली.

ही खोटी किंमत मला महत्त्वाची वाटते, कारण खरी मी भरलेली आहे. चार वर्षांपूर्वी आमच्या गाडीचा हाच दिवा लागला होता. एका गॅरेजने (असो, नाव नको) कोड वाचला, सेन्सर बदलला, काही हजार घेतले. आठ दिवसांत दिवा परत. शेवटी नाना पेठेतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने बॉनेट उघडून कान लावला, रबरी नळीवर बोट दाबलं, सूंऽऽ आवाज थांबला. नळीला चीर! तर म्हणाल, बघा, हातच श्रेष्ठ. मीही तसंच म्हणाले. त्यावर तो म्हणाला, "बाई, तीन वर्षं नुसते पार्ट रॉकेलमध्ये धुतले मी. काही विचारलं की पाना पाठीत." गिऱ्हाइकाच्या गाडीवर शिकाऊ पोराला चुकू कोण देणार? आणि आता तर १ एप्रिल २०२० पासून सगळ्या नव्या गाड्या बीएस ६ च्या, जागोजाग सेन्सर. कान लावून सगळं कळायचे दिवस गेले. वर्गात फळ्यावर चुकणाऱ्या मुलाला मी कधी हसू दिलं नाही, कारण चुकायला तेवढी एकच जागा असते.

आता दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द. सॉफ्टवेअरमध्ये गंजलेला नट नसतो. उंदराने कुरतडलेली वायर नसते, खड्ड्यात गाडी आदळली की सुटणारा आणि गॅरेजमध्ये शिरताच शहाण्यासारखा वागणारा कनेक्टर नसतो. जळक्या क्लचचा वासही नसतो. तेव्हा एखादी संस्था इंजिन विकत घेण्याऐवजी दहा संगणक मांडून "आधुनिक कार्यशाळा" अशी पाटी लावत असेल, तर ती मुलांची फसवणूकच आहे आणि पालकांनी तिथे जाऊन भांडावं. पडद्यावर शंभर बिघाड शोधून झाले की एकशे एकावा खऱ्या गाडीत हवा, आणि तो लावून ठेवायला मोडकी का होईना, संस्थेची स्वतःची गाडी हवी. ज्या पुण्यात एआरएआयसारखी संस्था १९६६ पासून गाड्या तपासतेय, तिथे हे अवघड असू नये.

मुंजीतल्या गृहस्थांना एवढंच सांगते. आमच्या गाडीचा दिवा परवा पुन्हा लागलाय. रविवारी सकाळी पोरगं स्कॅनर घेऊन येणार आहे. तुम्हीही या. पोहे करते. बॉनेट मात्र तुम्ही उघडायचं नाही.