‘कुणाबरोबर गेली?’ हा प्रश्न आधी बंद करा

मूल हरवलं की सगळ्यांना तातडीने इशारा देणारी यंत्रणा हवी, ही मागणी आपल्याकडे अधूनमधून डोकं वर काढते. कुठेतरी मूल पळवलं जातं, वर्तमानपत्रांत चार दिवस बातम्या येतात, कुणीतरी अमेरिकेतल्या ‘अंबर अलर्ट’चं उदाहरण देतं आणि विषय मिटतो. मागणी रास्तच आहे. पण परळीत बायकांबरोबर काम करताना रोज जे दिसतं, त्यावरून मला वाटतं की भोंगा मागण्याआधी तो कुणाच्या मुलासाठी वाजणार, हे आपण विचारलं पाहिजे. स्त्री चळवळीने ते विचारलं नाही, तर दुसरं कुणी विचारणार नाही.

१९९६ हे साल आठवा. जानेवारीत टेक्सास राज्यातल्या आर्लिंग्टन शहरात सायकल चालवणाऱ्या नऊ वर्षांच्या अंबर नावाच्या मुलीला एकाने उचलून नेलं. चार दिवसांनी तिचं प्रेत सापडलं. वादळाची सूचना रेडिओवर लगेच येते, मग मुलाची का नाही, असं लोकांनी विचारलं. त्यातून तिथली रेडिओ केंद्रं आणि पोलीस यांनी मिळून इशाऱ्याची पद्धत सुरू केली. २००३ साली देशपातळीवर तिला कायद्याचं पाठबळ मिळालं.

त्याच १९९६ साली महाराष्ट्रात अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली रेणुका शिंदे व सीमा गावित पकडल्या गेल्या. १९९० पासून तेरा मुलं पळवल्याचा त्यांच्यावर आरोप होता. गर्दीत चोरी करताना कडेवर मूल असलं की संशय येत नाही, म्हणून मुलं. अंजनाबाई तुरुंगातच मेली. दोघी बहिणींना २००१ साली कोल्हापूरच्या न्यायालयाने फाशी सुनावली, २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. दयेच्या अर्जावर सरकारने इतकी दिरंगाई केली की २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने फाशीऐवजी जन्मठेप दिली. पंचवीस वर्षं आपण एकच वाद घालत राहिलो : बायकांना फाशी द्यावी की नाही? वेगवेगळ्या शहरांतून मुलं नाहीशी होत होती, तेव्हा एका ठाण्यातली तक्रार दुसऱ्या ठाण्याला का कळली नाही, हा वाद झालाच नाही. तिकडे एका मुलीच्या मरणातून यंत्रणा उभी राहिली. इकडे तेरा मुलांच्या अपहरणातून एक खटला उभा राहिला.

आपल्याकडे काहीच नाही, असं मात्र नाही. १०९८ ही हेल्पलाइन १९९६ सालीच मुंबईत सुरू झाली. २०२३ पासून ती सरकारने हातात घेऊन ११२ शी जोडली. ‘ट्रॅक चाइल्ड’, २०१५ सालचं ‘खोया-पाया’ ही संकेतस्थळं झाली. पण या सगळ्यांना आपण जाऊन सांगायचं असतं. ती आपल्याला येऊन सांगत नाहीत. ऊसतोडीच्या फडावरच्या बाईने कुठलं संकेतस्थळ उघडायचं? तंत्र नाही म्हणावं, तर २०२३ साली सरकारने चाचणीसाठी लाखो मोबाइल एकदम किंचाळायला लावले. पूर आणि वीज यांसाठी जे जमतं, ते मुलासाठी का जमू नये?

अडचण तंत्राची नाही. ती ठाण्याच्या टेबलावर आहे.

एका ठाण्यात पंधरा वर्षांच्या मुलीच्या आईबरोबर मी बसले होते. तिला विचारलेले प्रश्न असे : मोबाइल होता का? कुणाशी बोलायची? शाळा का सोडली? तुम्ही ऊसतोडीला गेल्यावर तिच्यावर लक्ष कोण ठेवायचं? अंगावर कुठले कपडे होते, हा प्रश्न सगळ्यात शेवटी आला. आई म्हणाली, “साहेब, आधी शोधा, मग काय विचारायचं ते विचारा.” त्यावर उत्तर मिळालं, “कुणाबरोबर गेली असेल, येईल दोन दिवसांत.”

हे उत्तर बेकायदेशीर आहे. १० मे २०१३ रोजी ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अठरा वर्षांखालच्या ज्या मुलाचा ठावठिकाणा पालकांना माहीत नाही ते हरवलेलं मूल, मग नाहीसं होण्याचं कारण काहीही असो. अशी प्रत्येक तक्रार गुन्हा म्हणून नोंदवायची, आणि उलट सिद्ध होईपर्यंत अपहरण किंवा मानवी व्यापार झाला असं धरून तपास करायचा. ‘कारण काहीही असो’ हे शब्द आपण पाठ करून ठेवले पाहिजेत. ‘पळून गेली’ या दोन शब्दांवर ते नेमकं औषध आहे.

या दोन शब्दांची ताकद केवळ बीड जिल्ह्यापुरती नाही. अमेरिकेतही ‘अंबर अलर्ट’ सहसा घर सोडून गेलेल्या मुलांसाठी वाजत नाही. काळ्या मुलींना ‘पळून गेलेली’ ठरवून बाजूला सारलं जातं, हे तिथल्या चळवळींनी वर्षानुवर्षं सांगितलं. शेवटी कॅलिफोर्नियाला १ जानेवारी २०२४ पासून काळ्या मुलामुलींसाठी आणि तरुणांसाठी ‘एबनी अलर्ट’ ही वेगळी पद्धत आणावी लागली. म्हणजे यंत्र आलं तरी पूर्वग्रह जात नाही, तो यंत्राच्या नियमांत जाऊन बसतो.

आपल्या भागात हा पूर्वग्रह जास्त महाग पडतो. दिवाळीच्या आसपास मुकादम टोळ्या भरतात आणि नवरा-बायकोचा कोयता पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातो. काही मुलं फडावर, काही मागे आजीजवळ. फडावरून मूल गेलं की तिथलं ठाणं म्हणतं, तुमच्या गावी जा. गावचं ठाणं म्हणतं, तिथेच नोंदवा. कायदा म्हणतो, कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. त्यात परळी हे रेल्वेचं जंक्शन. इथून एक गाडी परभणीकडे जाते, दुसरी उदगीर-बीदरवरून तेलंगणाकडे. शहर पोलीस वेगळे, रेल्वे पोलीस वेगळे. कागद एका टेबलावरून दुसऱ्यावर जाईपर्यंत मूल राज्याबाहेर गेलेलं असतं.

आणि जिथे खरा इशारा नसतो तिथे अफवा पोचते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना ‘मुलं पळवणारी टोळी’ म्हणून जमावाने ठेचून मारलं. मोबाइलवर फिरणाऱ्या खोट्या निरोपांनी ते वातावरण तयार झालं होतं. भटक्यांची पालं परळीतही पडतात. ‘अनोळखी माणूस दिसला तर सावध’ असा मोघम इशारा त्यांच्या जिवावर उठेल. म्हणून इशारा सरकारी हवा, एका ठरावीक मुलाबद्दल हवा, आणि त्यात कुणाच्या जातीचा, पेहरावाचा सरसकट संशय नको.

आता आपल्यातल्याच मैत्रिणींचा एक आक्षेप. सतरा वर्षांची मुलगी परजातीच्या मुलाबरोबर गेली तर बाप अपहरणाची तक्रार देतो. तिचा फोटो गावोगाव झळकला तर पोलिसांच्या आधी भाऊबंद पोचतील. ही भीती खरी आहे. आपल्या जिल्ह्यात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार वीस ते चोवीस वयाच्या शंभरातल्या चाळीसहून अधिक बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. काही मुली अशा लग्नातूनच सुटायला घर सोडतात. त्यांना हुडकून त्याच मांडवात उभं करणारा भोंगा आपल्याला नको आहे. पण याचं उत्तर शोध न घेणं हे असू शकत नाही. शोध प्रत्येक मुलीचा झाला पाहिजे. जाहीर इशारा मात्र तिच्या जिवाला धोका असेल तेव्हाच दिला पाहिजे. आणि धोका मोजताना घराण्याची इज्जत हे माप चालणार नाही.

म्हणून आपल्या मागण्या अशा असाव्यात :

१) तक्रार आल्याबरोबर, हद्द न पाहता, गुन्हा नोंदवावा. वय, कपडे, खुणा, शेवटचं ठिकाण हे प्रश्न आधी. चारित्र्याचे प्रश्न कधीच नाहीत.

२) पहिल्या तासात शेजारची ठाणी, रेल्वे पोलीस, बसस्थानक आणि गळीत हंगामात साखर कारखाने यांना वर्णन पोचावं.

३) जिवाला धोका असल्यास त्या परिसरातल्या मोबाइलवर सरकारी इशारा जावा. तो नाकारला तर कारण लेखी द्यावं.

४) मूल सापडताच फोटो सगळीकडून काढावा. अत्याचार झालेल्या बालकाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे.

५) सापडलेल्या मुलीला थेट बापाच्या हाती न देता बाल कल्याण समितीपुढे न्यावं, आणि घरी जायचं का, हे तिला एकटीला विचारावं.

६) २०१३ च्या त्याच निकालानुसार हरवलेल्या मुलांच्या तक्रारींवर लक्ष ठेवायला ठाण्यात विधी सेवा प्राधिकरणाचा स्वयंसेवक असायला हवा. तो कुठे आहे, हे विचारावं.

शेवटची मागणी आजपासूनच लावून धरता येते. प्रत्येक गटाने आपल्या तालुक्याच्या ठाण्यात माहितीच्या अधिकारात अर्ज टाकावा : गेल्या तीन वर्षांत अठराच्या आतली किती मुलं आणि किती मुली हरवल्याची तक्रार आली, त्याच दिवशी गुन्हा किती जणांचा नोंदला, किती सापडली, सापडलेल्या मुली कुणाच्या ताब्यात दिल्या. आलेली उत्तरं या अंकाकडे पाठवा, आणि उत्तर नाकारलं तर तेही कळवा. अंबरच्या गावच्या लोकांनी एक साधा प्रश्न विचारला होता. आपला प्रश्नही साधाच आहे : ऊसतोडणीवाल्या बाईचं मूल हरवलं तर किती वेळात, आणि किती जणांना, कळतं?