गिअरबॉक्सला विचारलंत का?

अप्रेझलचा महिना आला की आमच्या हापिसात दोन गोष्टींची चर्चा वाढते. कोण पेपर टाकणार आणि कोण गाडी 'मॅप' करणार. पहिलीत आपल्याला इंटरेस्ट नाही. दुसरीत जाम आहे.

तर मंडळी, फंडा असा. हल्लीच्या टर्बो पेट्रोल गाडीत इंजिनची ताकद एका सॉफ्टवेअरच्या फाइलवर ठरते. लॅपटॉप लावला, नवी फाइल घातली, टर्बोचं प्रेशर वाढलं, की तासाभरात तीच गाडी वेगळीच धावायला लागते. याला म्हणतात 'स्टेज वन'. बॉनेट उघडायचीसुद्धा गरज नाही. म्हणून तर सगळ्यांना वाटतं की फुकटात मिळतंय.

चाकणला बनणारी फोक्सवॅगन व्हर्टस घ्या. तिचं १.५ लिटरचं टीएसआय इंजिन कंपनीकडून १५० पीएस पॉवर आणि २५० न्यूटन मीटर टॉर्क देतं. ट्यूनर मंडळी स्टेज वननंतर १८०-१९० पीएस आणि तीनशेच्या आसपास न्यूटन मीटर सांगतात. ऐकूनच उजवा पाय शिवशिवतो. पण ही ताकद इंजिनातून थेट रस्त्यावर उडी मारत नाही राव. वाटेत क्लच आहे, गिअरबॉक्स आहे, डिफरन्शियल आहे, दोन ड्राइव्हशाफ्ट आहेत. त्यांना कोणी विचारलंय का?

या गाडीच्या ऑटोमॅटिकमध्ये ७ गिअरचा डीएसजी येतो, घरचं नाव डीक्यू२००. हा २००८ मध्ये आला आणि कंपनीनं तो २५० न्यूटन मीटरपर्यंतच्या इंजिनांसाठी बनवला. पुन्हा वाचा. गिअरबॉक्सची मर्यादा २५०, इंजिनचा टॉर्क २५०. म्हणजे गाडी शोरूममधून बाहेर पडते तेव्हाच कागदावर ताट भरलेलं आहे. वर आणखी ५० वाढायला निघालात तर जागा कुठेय?

यावर ट्यूनरचं ठरलेलं उत्तर असतं, 'बॉस, मार्जिन असतं.' असतं, खरंय. २५१ ला काही गिअरचे दात पडत नाहीत. पण तो आकडा तुटण्याचा नसतोच, तो आयुष्याचा असतो. इतक्या भाराखाली इतकी वर्षं, इतके किलोमीटर, असा तो हिशेब. धातूचा थकवा ही चीज अशी की भार थोडा वाढवला तर आयुष्य थोडं कमी होत नाही, भरपूर कमी होतं. 'माझ्या मित्राची गाडी वर्षभर मस्त चाललीय' हे वाक्य म्हणूनच काही सिद्ध करत नाही. तार वाकवून तोडताना शेवटच्या क्षणापर्यंत ती अख्खीच दिसते.

त्यातही डीक्यू२०० चा स्वभाव नाजूक. त्याचे दोन्ही क्लच कोरडे. २००३ मध्ये आलेला ६ गिअरचा डीक्यू२५० आहे ना, त्याचे क्लच तेलात बुडालेले, मर्यादा ३५० न्यूटन मीटर. तेल उष्णता वाहून नेतं, सॉफ्टवेअरनं क्लच जास्त घट्ट दाबायला लावला तरी तो बराच काळ निभावतो. २०१७ मध्ये आलेल्या ऑक्टेव्हिया आरएस २३० मध्ये हाच होता, आणि गंमत बघा, तिचा टॉर्कही बरोब्बर ३५०. पुढच्या आरएस २४५ चा टॉर्क ३७० झाला तेव्हा कंपनीनं गिअरबॉक्सच बदलला, ४२० पेलणारा डीक्यू३८१ लावला. ज्यांनी तो बनवला तेच लोक २० न्यूटन मीटरसाठी नवा बॉक्स घालतात, आणि आपण ५० फुकटात मागतो!

कोरड्या क्लचची उष्णता जायला फक्त हवा. हिंजवडीच्या सिग्नलला संध्याकाळी सात वाजता ती किती मिळते ते तुम्हाला माहीत आहेच. गाडी इंच-इंच सरकते तेव्हा क्लच अर्धवट घासत असतो. हा काही पुण्याचाच प्रॉब्लेम नाही. २०१३ मध्ये चीनमध्ये फोक्सवॅगनला डीएसजीपायी ३ लाख ८४ हजारांहून जास्त गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या, आणि त्या काही कुणी मॅप केलेल्या नव्हत्या. नंतर यात बऱ्याच सुधारणा झाल्या, मान्य. पण कोरडा तो कोरडाच.

आता खरी मजा. लोक पॉवर विचारतात, गिअरबॉक्स टॉर्कनं मरतो. दोन्हींचं नातं साधं आहे: टॉर्कला आरपीएमनं गुणा, ७०२४ नं भागा, आले पीएस. २००० आरपीएमला ३०० न्यूटन मीटर म्हणजे किती? अवघे ८५ पीएस. पण क्लचच्या डोक्यावर पूर्ण ३०० चं ओझं. उलट ५५०० आरपीएमला २४० न्यूटन मीटर दिला तर होतात १८८ पीएस, आणि गिअरबॉक्स अजूनही हद्दीत! म्हणजे तेच १८८ पीएस एकाला रडवून मिळतात, दुसऱ्याला हसत. फरक फाइल लिहिणाऱ्याच्या डोक्यात.

मूळ गाडीत २५० चा टॉर्क १६०० ते ३५०० आरपीएमच्या दरम्यान आहे. ६००० ला १५० पीएस म्हणजे तिथे टॉर्क उरतो १७५ च्या आसपास. वाढवायला जागा आहे ती या वरच्या टोकाला. तिथे लहान टर्बोचा दम पुरायला हवा, हे खरं, त्यामुळे १८८ चा पूर्ण आकडा मिळेलच असं नाही. पण बहुतेक फाइली नेमकं उलट करतात. खालून दणका वाढवतात, कारण टेस्ट ड्राइव्हला गिऱ्हाईक दोन हजारवरच पाय दाबतं आणि पाठ सीटला चिकटली की लगेच पैसे काढतं.

आमच्या टीममध्ये एक पोरगा आहे. विसेक लाखांची व्हर्टस, पाच वर्षांचं लोन, त्यातली तीन अजून बाकी. आईवडिलांना सोलापूरला दर दोन आठवड्यांनी भेटायला जातो तो याच गाडीतून. फाइलचं बुकिंग करून आला होता. मी म्हटलं, 'ग्राफ आण.' आणला. टॉर्कची रेघ १९०० ला थेट ३१० वर, आणि ५००० नंतर जवळजवळ मूळचीच. 'अरे, यात तुझं काय वाढलं?' तो म्हणाला, 'पण खेचते भारी!' खेचणारच. पहिला गिअर आणि फायनल ड्राइव्ह मिळून टॉर्क पंधरा पटींच्या पुढे वाढवतात. ३१० चे झाले साडेचार हजारांच्या वर, आणि ते वाटून घ्यायला फक्त दोन ड्राइव्हशाफ्ट.

इथे एक गोष्ट तुमच्या बाजूनं आहे, ती म्हणजे टायर. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत टायर हा फ्यूज असतो. जास्त ताकद आली की चाक जागच्या जागी फिरतं, आतले सांधे वाचतात. म्हणून मॅपसोबत कोणी रुंद, चिकट टायर गळ्यात मारत असेल तर समजा, फ्यूज काढून तिथे तार लावतोय. आणि चाक फिरता फिरता दणादण उड्या मारायला लागलं की लगेच पाय उचला. शाफ्ट तुटतात ते बहुतेक त्या उड्यांमध्ये.

चारही चाकं ओढणाऱ्या गाड्यांना तर हा फ्यूज जवळजवळ नसतोच. सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्सचा पाच गिअरचा बॉक्स याच कारणानं जगभर बदनाम. क्लच धाडकन सोडला, चारही टायर रस्त्याला धरून बसले, की उरतात फक्त गिअरचे दात. एसटीआयला सुबारूनं वेगळा, दणकट सहा गिअरचा बॉक्स दिला तो हौस म्हणून नाही. मॅन्युअलवाल्यांचं त्यातल्या त्यात सुखाचं. त्यांचा क्लच आधी घसरतो, आरपीएम चढतात आणि वेग वाढत नाही, तेव्हाच कळतं. क्लच प्लेट बदलायचं बिल सोसतं. डीएसजीचे क्लच आणि मेकाट्रॉनिक दोन्ही वॉरंटीबाहेर गेले तर बिल लाखांत जातं.

वॉरंटीचं म्हणाल तर ती मॅपबरोबर गेलीच असं धरा. 'परत ओरिजिनल फाइल टाकून देऊ, कळणार नाही' यावर जाऊ नका. फाइल बदलल्याच्या खुणा कंपनीच्या सिस्टिमला सापडतात आणि गाडीच्या नावापुढे शिक्का बसतो. आरसी आणि इन्शुरन्सची भानगड वेगळीच. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं बजावलंय की गाडीचा आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा होईल असे बदल चालणार नाहीत. आणि एक्स्प्रेस वेवर मर्यादा शंभरची, हे आपलं जाता जाता.

तरीही करायचंच असेल, आणि काही जण करणारच, मी ओळखतो तुम्हाला, तर ट्यूनरला इतकंच सांगा: टॉर्क २५० च्या पुढे नको, जे काय द्यायचंय ते ४००० च्या वर दे. आणि गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला खरा टॉर्क कळू दे. काही फाइली तो आकडा मुद्दाम कमी दाखवतात, मग बिचारा गिअरबॉक्स क्लच हलक्या हातानं धरतो आणि घासून जळतो. सिग्नलला पुढच्या गाडीत अंतर ठेवा, दोन मीटर मोकळे झाले की मगच हला, दर वीतभर सरकू नका. हे मॅप न करणाऱ्यांनाही लागू.

आमच्या पोरानं ट्यूनरला फोन लावला, स्पीकरवर. 'दोनशे पन्नासवर लॉक करून देशील का?' पलीकडून दोन सेकंद शांतता. मग, 'सर, मग काही फील येणार नाही.' पोरानं डिपॉझिट परत मागितलं. निम्मं मिळालंय.