पत्ता बोलतो की आपण?

बालमित्रांनो,

बाजाराच्या दिवशी पोपटवाला ज्योतिषी कसा बसायचा, ते आजी-आजोबांना विचारा. पोपट डुलत बाहेर यायचा, चोचीनं एक पाकीट ओढायचा आणि दाणा खाऊन परत पिंजऱ्यात जायचा. पाकिटातलं चित्र बघून पोपटवाला सांगायचा, ‘मनानं सरळ आहेस, पण लोक तुझा फायदा घेतात.’ ऐकणारा म्हणायचा, ‘अगदी बरोबर!’ (असा पोपट पाळणं आता कायद्यानं गुन्हा आहे, बरं का!)

आज पोपटाची जागा मोबाइलवरच्या टॅरो पत्त्यांनी घेतली आहे. ‘एक पत्ता निवडा, तुमचा स्वभाव ओळखा!’ आमच्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीला त्यात एकांतवासी साधूचा पत्ता आला. हातात कंदील घेतलेला म्हातारा. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, ‘बाई, मी एकटी राहणारी आहे. मी नाटकात काम नाही करणार.’ आणि हीच पोरगी मधल्या सुट्टीत लंगडीची कप्तान!

हे टॅरो आहे तरी काय? ७८ पत्त्यांचा हा जोड पंधराव्या शतकात इटलीत तयार झाला, तो चक्क खेळण्यासाठी! पुढे १७८१ साली कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकानं लिहिलं, की यात प्राचीन इजिप्तचं ज्ञान दडलंय. पुरावा काहीच नव्हता. पण लोकांना कल्पना आवडली आणि पत्ते भविष्य सांगू लागले.

चित्रांचे पत्ते आपल्याकडेही आहेत. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा पाहिलीत का? गोल, हातानं रंगवलेले १२० पत्ते. दहा अवतार, प्रत्येकाचे बारा पत्ते : एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा. मत्स्याची खूण मासा, परशुरामाची परशू. दिवसा खेळलात तर रामाचा राजा ज्याच्याकडे तो सुरुवात करणार, रात्री कृष्णाचा. परशुराम हाती आला म्हणून कुणी रागीट ठरत नाही. आलेल्या पत्त्यांवर डाव कसा खेळायचा, तेवढं आपलं काम!

मग स्वभाव ‘अगदी बरोबर’ कसा निघतो? १९४८ साली अमेरिकेत बर्ट्रम फोरर या प्राध्यापकांनी ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली. आठवड्यानं प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचं वर्णन दिलं आणि विचारलं, पाचपैकी किती गुण द्याल? सरासरी चारच्या वर गेली! गंमत म्हणजे सगळ्यांना एकच वर्णन दिलं होतं. ‘कधी तू बोलका असतोस, कधी गप्प’ हे कुणाला लागू पडत नाही, सांगा बरं?

मग मी तो कंदीलवाला म्हातारा फळ्यावर काढला आणि विचारलं, ‘हा कोण?’ एक म्हणाला, ‘रात्रीची लाइट आली म्हणून उसाला पाणी द्यायला निघालेले आजोबा.’ दुसरी म्हणाली, ‘बिबट्याचे ठसे शोधणारे वनखात्याचे काका.’ आमची कप्तान बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘बाई, हा मागून येणाऱ्यांना उजेड दाखवतोय.’ चित्र एकच, पण अर्थ ज्याचा त्याचा! नाटकाच्या तालमीला ती परत येते आहे.

आता तुमचं काम. ‘तू प्रेमळ आहेस, पण कधी कधी चिडतोस’ अशी एकच ओळ दहा चिठ्ठ्यांवर लिहा, घड्या घाला आणि दहा जणांना एकेक उचलायला सांगा. प्रत्येकाला गुण द्यायला लावा. मगच सगळ्या चिठ्ठ्या उघडून शेजारी शेजारी ठेवा!

आणि पालकहो, ‘आमचा हा जन्मतःच ढ’ हासुद्धा एक पत्ताच आहे. तो मुलाच्या हातात देण्याआधी जरा थांबा.

किती गुण पडले ते कळवाल ना?

तुमच्या बाई