संस्कृतीची कसोटी

प्राचीन रोमन लोक सुसंस्कृत होते की क्रूर, हा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. त्यांनी दूरवरून कालवे आणून नगरांना पाणी पुरविले, पक्के रस्ते बांधले, कायद्याला शिस्त लावली. त्याच रोममध्ये इ. स. ८० साली उघडलेल्या प्रचंड प्रेक्षागृहात हजारो लोक माणसामाणसांची जीवघेणी झुंज मौजेने पाहत असत. मग अशा लोकांना कोणते नाव द्यावे?

असाच प्रश्न बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड राजा येथेही मनात उभा राहतो. तेथे जिजाबाईंचे वडील लखुजीराव जाधव यांची भव्य समाधी आहे. लखुजीराव हे निजामशाहीतील बलाढ्य सरदार. मध्यंतरी ते मोगलांना मिळाले व पुढे परत आले. १६२९ साली ते दौलताबादच्या किल्ल्यात निजामशहाच्या भेटीस गेले असता, पुत्र व नातू यांच्यासह दरबारातच त्यांची हत्या करण्यात आली. भेटीस बोलावलेल्यांचा असा घात करणे, याला क्रौर्याखेरीज दुसरे नाव नाही.

परंतु १६२६ साली मृत्यू पावलेला मलिक अंबर हा याच निजामशाहीचा वजीर. आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला हा पुरुष स्वकर्तृत्वाने त्या पदाला पोहोचला. त्याने जमिनीची पाहणी करून शेतसाऱ्याची घडी बसविली, खडकी हे नगर वसविले आणि जमिनीखालून नळ नेऊन तेथे पाणी खेळविले.

तेव्हा निजामशाहीला एका शब्दात क्रूर ठरविणे न्यायाचे नाही. आणि खडकीचे नळ दाखवून दौलताबादचे रक्त धुऊन टाकणे, हेही न्यायाचे नाही.

मराठी माणसाने हेच माप स्वतःलाही लावले पाहिजे. स्वराज्याचा अभिमान त्याने अवश्य बाळगावा. पण १७५१ साली तह होईपर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालमध्ये केलेली लूट तेथील अंगाईगीतांतही उरली आहे, हे त्याने विसरू नये.

म्हणून चांगल्या कृत्याला चांगले आणि दुष्ट कृत्याला दुष्ट म्हणावे. संपूर्ण लोकसमूहावर मात्र एकच शिक्का मारू नये. 'अमुक गावचे लोक असेच' असे बोल शाळेच्या अंगणातही सहज ऐकू येतात. ते ऐकून मान डोलावण्यापूर्वी 'कोणी, केव्हा आणि काय केले?' असे विचारण्याचे धैर्य ज्या मुलाजवळ आहे, त्याला इतिहास खरोखर कळला.