आत कोण बघतंय?

आमची होडी तुम्ही पाहिली असेलच. वर्कशॉपमागच्या शेडमध्ये दोन घोड्यांवर पालथी ठेवलेली, चकचकीत! येणारा-जाणारा तिच्यावरून हात फिरवतो, "सही आहे यार!" म्हणतो, फोटो काढतो आणि मेसकडे पळतो. वाकून आत मात्र अजून एकानेही पाहिलेलं नाही. आत आहेत गोंदाचे ओघळ, पट्ट्यांच्या पायऱ्या आणि पेन्सिलच्या खुणा. आणि आता आमच्या ग्रुपमधले तिघं म्हणतायत, "एक हात वार्निश मारू आणि सबमिशन करू. आत कोण बघतंय?"

मला हे साफ नामंजूर आहे. (कॉन्व्हेंटच्या मुलीला हा शब्द येतो, हसू नका!)

होडी पॅकिंगच्या खोक्यांतल्या पाइनची, ६ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्यांची. पट्ट्या लांबीत, लाकडाच्या रेषाही लांबीतच. त्यामुळे आडवा जोर आला की सरळ चीर जाते. म्हणून बाहेरून फायबरग्लासचं कापड इपॉक्सीत बसवलं. पण तळ दगडावर आदळला तर तो आत दबणार. तेव्हा टेन्शन येतं आतल्या बाजूला! बाहेरचं कापड तिथे कॉम्प्रेशनमध्ये असतं. हे आपण सेकंड इयरला शिकलो, बेंडिंग मोमेंटच्या आकृत्या काढून मार्कही घेतले. आत कापडच नसेल तर तो ताण बिचाऱ्या पाइनने आडवा सोसायचा का?

कंटाळा येतो हे खरं आहे. बाहेरचा फुगीर भाग पॉलिश पेपरच्या ठोकळ्याने सहज घासला जातो. आतल्या खोलगट भागात तोच ठोकळा फक्त कडांवर टेकतो, आणि मशीन लावलं तर खड्डे पडतात. शेवटी कार्पेंट्री शॉपच्या मामांनी जुन्या हॅकसॉ ब्लेडची कड ग्राइंडरवर गोल करून दिली. तिने खरवडायचं, ओल्या फडक्याने पुसायचं, राहिलेला गोंद फिकट दिसला की परत खरवडायचं. मामा डोळे मिटून तळवा फिरवतात आणि म्हणतात, "अजून हाय गं पोरी." चार दिवसांत जेमतेम अर्धी होडी झाली!

माझे मालवणचे आजोबा होडीला काजूच्या टरफलाचं तेल लावायचे, आतूनही. पावसाचं पाणी आतच साचतं, म्हणून लाकूड आतून कुजतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांना कुणी मार्क देत नव्हतं. आमच्या मार्किंग शीटवर 'फिनिश'ला १० मार्क आहेत, आणि गंमत म्हणजे आतली बाजू नीट केली तर ती चमकणारच नाही. इपॉक्सीचे दोनच पातळ हात द्यायचे, कापडाची वीण उघडी ठेवायची, म्हणजे ओला पाय घसरत नाही आणि वजनही वाचतं. ऊन इपॉक्सी खराब करतं, म्हणून वरून वार्निश. परीक्षक विचारतील, "हे खरखरीत का?" विचारू देत.

खरी अडचण वेगळीच आहे. ऊन चढताना इपॉक्सी लावली तर लाकडातली हवा फुगते आणि कापडाखाली बुडबुडे येतात. त्यामुळे हे काम दिवस उतरताना, म्हणजे सहानंतरच करायचं. वर्कशॉपला कुलूप लागतं पाचला आणि गर्ल्स हॉस्टेलचं गेट बंद होतं नऊला! मुलगे रात्रभर शेडमध्ये बसले तरी कुणी विचारत नाही.

रेक्टर मॅडम, हे वाचत असाल तर दोनच संध्याकाळी साडेदहापर्यंत परवानगी हवी आहे. अर्ज दिलाय. आणि घासायला कुणी येणार असेल तर मास्क स्वतःचा आणा, आमच्याकडे दोनच आहेत.