योजनेसोबत पैशांचा स्रोतही मंजूर करा

प्रति,
महाराष्ट्र विधिमंडळाचे सर्व सन्माननीय सदस्य



अर्थसंकल्प आला की राज्यात तोच वाद रंगतो. योजनांवर एवढा खर्च केला तर उद्योग परराज्यात जातील, असे एक बाजू म्हणते. उद्योगांना सवलती द्यायला पैसा आहे, गरिबाला द्यायला मात्र नाही, असे दुसरी म्हणते. या वादातून वाट कशी काढायची, हे आपल्याच सभागृहांनी एकदा दाखवून दिले आहे. त्याची आठवण द्यावी म्हणून हे पत्र.

१९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. त्यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. खर्चाचे काय, हा प्रश्न तेव्हा पुढे ढकलला गेला नाही. १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर बसला आणि सरकारनेही निधीत आपला वाटा घातला. शहरातल्या पगारातून कापलेल्या पैशांतून दुष्काळी तालुक्यांत पाझर तलाव, बांधबंदिस्ती आणि रस्ते झाले. १९९० पासून याच योजनेतून फळबागाही लागल्या. मजुराची चूल पेटली आणि शेतीची कमाईची ताकदही वाढली. कोणाकडून किती घेतले आणि कशासाठी, हे सर्वांना ठाऊक होते.

आज ती स्पष्टता हरवली आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजनेसाठी ३६,००० कोटींची तरतूद होती, तर महसुली तूट ४५,८९१ कोटींची. राज्यावरचे कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल, असा अंदाज होता. बाईच्या हातात दरमहा येणाऱ्या १,५०० रुपयांना मी खिरापत म्हणणार नाही. त्या पैशांवर तिचा हक्क चालतो, घरात तिच्या शब्दाला वजन येते. म्हणूनच ते कर्जाच्या भरवशावर राहू नयेत. दैनंदिन खर्चासाठी काढलेले कर्ज उद्या तिच्याच मुलांना फेडायचे आहे.

विजेचे उदाहरण घ्या. शेतीपंपांना स्वस्त वीज द्यायची म्हणून तिचा काही भार वर्षानुवर्षे उद्योगांच्या वीजदरात मिसळला गेला. कारखानदार महाग विजेने हैराण झाला आणि शेतकरी रात्री-अपरात्री पाणी द्यायला शिवारात जात राहिला. आता सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीचे फीडर सौरऊर्जेवर आणले जात आहेत. तिथे शेतकऱ्याला दिवसा वीज मिळते आणि अनुदानाचा बोजाही हलका होऊ शकतो. नीट आखलेले कल्याण उद्योगाच्या आड येत नाही, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

तिसरी गोष्ट सेवांची. चाकणच्या वाहतूक कोंडीत मालाचा ट्रक अडकतो, तशीच कामगाराची बसही अडकते. फेरफाराची नोंद रखडली तर उद्योजकाची जमीन अडते आणि शेतकऱ्याचे पीककर्जही. लोकसेवा हक्क कायदा आपण २०१५ मध्येच केला. विनाकारण दिरंगाई करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची सोय त्यात आहे. तो दंड किती जणांना झाला, हे सभागृहात दर अधिवेशनात विचारले गेले पाहिजे.

माझ्या मागण्या तीन आहेत. प्रत्येक नव्या योजनेबरोबर तिच्या पैशांचा कायमचा स्रोत मांडला जावा. उद्योगांना दिलेल्या सवलती आणि त्यातून उभे राहिलेले रोजगार, असा तालुकावार हिशेब दरवर्षी पटलावर यावा. आणि दवाखाने, शाळा, तलाठी कार्यालये यांतली रिक्त पदे भरल्याशिवाय नव्या घोषणा होऊ नयेत.

पुढच्या अर्थसंकल्पावर हात वर करण्याआधी प्रत्येक सदस्याने उभे राहून एवढेच विचारावे: हा पैसा येणार कुठून? पक्ष कोणताही असो, हे विचारणे आपले कर्तव्य आहे.

आपला,
महाराष्ट्राचा एक करदाता