झाडे मोजू नका, ओहोळाचे पाणी पाहा!

डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांत ज्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची कुळागरे आणि शेते आहेत, त्या आमच्या मराठी कुटुंबांना डंप म्हणजे काय हे सांगायला नको. एक टन खनिजामागे अडीच-तीन टन माती-दगड बाहेर पडतो. त्याच्याच या टेकड्या. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने १६ मार्च २०१८ पासून गोव्यातील ८८ खाणपट्ट्यांचे काम बंद झाले. ट्रक थांबले. डंपांची माती मात्र थांबली नाही. पाऊस काही न्यायालयाचा आदेश वाचून पडत नाही.

जूनच्या सरी आल्या की लाल पाणी ओहोळात आणि ओहोळातून थेट सरद शेतात. गाळ इतका बारीक की वाळल्यावर त्याचा पापुद्रा धरतो. पाणी मुरत नाही, रोप वर येत नाही. वायंगणाचे पाट बुजतात ते वेगळेच.

तक्रार केली की उत्तर ठरलेले: झाडे लावली आहेत ना! कसली झाडे? ऑस्ट्रेलियन बाभूळ. निकस मातीत ती जगते, नत्रही धरते, हे आम्ही नाकारत नाही. पण एकाच जातीची दाट लागवड केली की तिच्या लवकर न कुजणाऱ्या पानांच्या थराखाली गवत उगवत नाही, आणि उतारावरची माती धरून ठेवते ते गवतच. छायाचित्रात डोंगर हिरवा, पायथ्याला ओहोळ लाल! आणि गुरांनी खायचे काय?

८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला बजावले की, खाणकाम संपल्यावर जमिनीवर पुन्हा गवत उगवून ती चारा, वनस्पती आणि प्राणिजीवनास योग्य करण्याची अट खाणपट्ट्यांना घाला. म्हणजे गवत आधी. त्याच्याही आधी डंपाला पायऱ्या, पाणी वळवणारे चर, पायथ्याला भिंत आणि खाली गाळ बसण्यासाठी तळी. ती तळी दर मे महिन्यात उपसायची असतात. (कागदावर ती उपसलेलीच असतात म्हणा!) मग काथ्याची जाळी अंथरून वाळा लावावा आणि जमीन धरली की करंज, किंदळ, आवळा. खाण उघडताना वरची कसदार माती वेगळी राखली असती, तर हे काम सोपे झाले असते.

डिसेंबर २०२२ मध्ये खाणपट्ट्यांचे नवे लिलाव सुरू झाले, २०२४ मध्ये खनिज पुन्हा निघू लागले. आता नवा म्हणेल डंप जुन्याचा, जुना म्हणेल आमचा पट्टाच उरला नाही. या वादात आमची शेते का बुडावीत? २०१५ च्या कायद्याने खाणग्रस्तांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन झाली. त्या पैशातून सभागृहे बांधण्याआधी शेतातला गाळ काढा. आमच्या वाचकांनी येत्या ग्रामसभेत ठराव मांडावा: डंपाची पाहणी एकदा मेअखेर आणि एकदा जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर, गावकऱ्यांसमक्ष व्हावी, आणि तिचा अहवाल पंचायतीच्या फलकावर लागावा.